पॅनकेकची डबी

बॅले म्हणजे काय? तर खाली तवा तापलाय अशा थाटात टाचा वर करून इकडून तिकडे धावायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की आपलं कुठे काही दुखतच नाही. ही कुंदाताईंची व्याख्या. पुण्यात कर्वेनगरच्या आपल्या कथकच्या वर्गात त्यांनी ती इतक्यांदा ऐकवली होती की मुलींना तत्काराच्या बोलांइतकीच पाठ झाली होती. "जमिनीला पाय लावायची लाज वाटते मेल्यांना," असं म्हणून ताई स्वतःचा पाय दाणकन आपटून दाखवायच्या. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी तक्रार करणं कधीच सोडून दिलं होतं.

आणि नशीब बघा, सख्खी नात नेमकी त्याच नाचाला जाऊन बसली!

नात म्हणजे वल्लरी, वय नऊ. मुलगा प्रणव जर्मनीत गेर्लिंगेनला इंजिनियर, सून सुकन्या तिकडच्याच येना गावी ऑप्टिक्समध्ये पीएचडी केलेली, आणि घर स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात. तीन महिन्यांच्या व्हिसावर कुंदाताई तिथे उतरल्या त्या पाहुण्या म्हणून नव्हे, मोहिमेवर. बॅगेत फराळ कमी आणि घुंगरू जास्त. पहिल्याच दुपारी त्यांनी नातीला पुढ्यात उभी केली आणि तत्कार सुरू केला. जरा रंग चढतोय तोच बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरच्या म्हातारबाई. त्या जे काही तडतडल्या त्यातला 'रुहेत्साइट' हा शब्द सुकन्याने मराठीत करून सांगितला: दुपारच्या वेळी आवाज करायचा नाही, इथे तसा नियम आहे.

"म्हणजे मेल्यासारखं पडून राहायचं?" ताई म्हणाल्या. "देश आहे का दवाखाना?"

त्यांच्या या तोऱ्यामागे धास्ती होती, हेही सांगून टाकू. ऑगस्टमध्ये वर्गाला चाळीस वर्षं पुरी होत होती. हॉल ठरला होता. 'माझी नात जर्मनीहून येऊन नाचणार' असं ताई सगळ्या पुण्याला सांगून मोकळ्या झाल्या होत्या. मुलगा नाचाकडे कधी वळला नाही. सुनेबद्दल तर त्यांनी लग्नाआधीच मत देऊन टाकलं होतं, मुलगी हुशार आहे पण पाय दगड आणि रंग जरा कमी. वर्गातल्या चांगल्या मुली एकेक करून लग्न होऊन कुठे कुठे गेल्या. उरली ही एक. ही आपली झाली नाही तर आपलं सगळं आपल्याबरोबर सरणावर जाणार, हे ताईंना रात्री झोपू द्यायचं नाही. पण हे बोलून दाखवतील तर त्या कुंदाताई कसल्या?

"अहो आई, ती हो म्हणाली तर खुशाल न्या ऑगस्टमध्ये," सुकन्या म्हणाली. "पण विचारायचं तिलाच. मी सांगणार नाही."

"नऊ वर्षांच्या पोरीला विचारायचं! उद्या शाळेत जायचं का तेही विचारा."

पोरीला विचारलं. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं. "वाइस निष्त, आजी," ती म्हणाली, म्हणजे माहीत नाही, आणि पाय बाहेर वळवून स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून गुडघे वाकवत बसली. तिच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती, तिचा बॅलेचा कार्यक्रम.

हा बॅले शिकवणारे कोण, ते बघायला ताई शनिवारी स्वतः गेल्या. कंपनीचं नाव 'बॅले मोझाइक'. कंपनीचा बाणा असा की एका रांगेत सगळ्या रंगांची, सगळ्या देशांची माणसं उभी करायची. एक कोरियन, एक क्यूबाचा, एक जर्मनीतल्याच थुरिंगियाचा पिवळ्या केसांचा लंबू, आणि अजून कोण कोण. आणि दर शनिवारी यांनी वस्तीतल्या शाळेच्या व्यायामशाळेत यायचं, तिथल्या पोरांना फुकट नाच शिकवायचा, आणि शाळेचं वर्ष संपताना त्या पोरांना आपल्या खऱ्या कार्यक्रमात, खऱ्या रंगमंचावर दहा मिनिटं सोबत घ्यायचं.

"फुकट?" ताईंनी सुनेला विचारलं. "फुकट शिकवतात म्हणजे स्वतःला येत नसणार. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी."

व्यायामशाळेत रबराचा वास, भिंतीला शिड्या, आणि बेकरीवाल्या तुर्काच्या मुलीपासून सीरियाच्या जुळ्यांपर्यंत सगळी वरात. ताई बाकावर पाठ ताठ करून बसल्या आणि शिकवणारी कुठाय ते शोधू लागल्या. गोरी, लांब मानेची, केसांचा घट्ट अंबाडा घातलेली एखादी बाई त्यांना अपेक्षित होती. पुढे आली ती आमा. आईबाप घानाचे, जन्म मानहाइमचा. उंच, खांदे रुंद, रंग काळा, आणि पायातले बूटही तसेच गडद. मुलांचे बूट कसे छान फिकट गुलाबी. हिने धुतलेच नसावेत, असं ताईंनी ठरवून टाकलं.

"ही?" ताई म्हणाल्या. "ही शिकवणार बॅले? अगं, या लोकांनी आपलं जे आहे ते तरी धड द्यावं की. इतक्या लांब येऊन गोऱ्यांचा नाच काळ्यांकडून शिकायचा?"

"आई, हळू. मागच्या बाकावर दोन मराठी बाप बसलेत."

बाप दोन्ही मोबाइलमध्ये डोकं घालून होते, आणि त्यांनी ऐकलं असतं तरी मान डोलावली असती, हे सुकन्याला पक्कं ठाऊक होतं. सासूशी न बोलण्याची तिला चांगली सवय होती.

पण एक गोष्ट झाली. आमाने वल्लरीच्या पायाला हात लावला. नुसतं बोट, घोट्याच्या आत, आणि पोरीचं सगळं अंग कमरेपासून सरळ झालं. ताईंनी ते पाहिलं. चाळीस वर्षं शिकवलेल्या माणसाला शिकवणारं बोट ओळखू येतं, कितीही ओळखायचं नाही म्हटलं तरी. त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

तास संपताना आमा सरळ त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. वल्लरी सांगत होती की आजी नाचते, तर आज मुलांना थोडं दाखवाल का? सुकन्याने मराठी केलं. ताईंनी आधी तोंड वाकडं केलं, मग पर्समधून घुंगरू काढले. होय, पर्समध्येच होते!

'ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्.' व्यायामशाळेची लाकडी जमीन काय बोलली म्हणून सांगू! दुपारी गप्प बसवणारी म्हातारबाई इथे नव्हती. ताईंनी लय दुप्पट केली, चौपट केली, आणि समेवर असा पाय मारला की शिड्या थरथरल्या. जुळी पोरं आ वासून बघत राहिली. आमाने बूट काढून फेकले आणि अनवाणी ताईंच्या शेजारी उभी राहिली. चुकली, हसली, परत सुरू केलं, आणि थोड्या वेळाने बऱ्यापैकी धरलं.

"पाय आहे हिला," ताई घरी जाताना ट्रॅममध्ये म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं स्तुतीचं वाक्य वर्गातल्या मुलींना दोन-दोन वर्षं मिळायचं नाही. पण बोलून झाल्यावर लगेच त्यांना वाईट वाटलं असावं. "पण बूट घाण," त्या म्हणाल्या.

वल्लरीचे पाय सीटखाली तत्कार करत होते. ती एकदम म्हणाली, "आजी, ऑगस्ट. इश कोमं."

"काय म्हणाली?"

"येते म्हणाली, आई," सुकन्या म्हणाली. "ऑगस्टमध्ये येते म्हणाली."

ताईंनी खिडकीकडे तोंड केलं, कारण डोळे भरले होते आणि ते सुनेला दाखवायचे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला फोन गेला. पत्रिकेत नाव टाका, वल्लरी प्रणव, सगळ्यात वर. त्यानंतरचे सगळे शनिवार ताई व्यायामशाळेत हजर. बॅलेला नावं ठेवणं चालूच होतं, पण आता ते घरच्या माणसाला नावं ठेवावीत तसं. आमाही त्यांना 'कोलेगिन' म्हणू लागली, म्हणजे सहकारी. ताईंना हा शब्द फार आवडला. पुण्याला सांगताना त्यांनी त्याचा अर्थ 'गुरू' असा केला.

कार्यक्रम रविवारी दुपारी, वस्तीतल्या ब्युर्गरहाउसमध्ये. म्हणजे सार्वजनिक सभागृह. रंगपटात कोण गर्दी! पोरं एकमेकांच्या अंगावर, आया पिना तोंडात धरून, आणि आमा एका हाताने वेणी घालतेय, दुसऱ्या हाताने कुणाचा तरी ड्रेस ओढतेय. सुकन्या आणि प्रणव बाहेर खुर्च्या धरायला गेले होते. आमाने ताईंना पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिने एक चपटी डबी आणि ओला स्पंज त्यांच्या हातात कोंबला.

"कोलेगिन! पॅनकेक, यू नो?"

ताईंना काय हसू आलं! जर्मनीत आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या धंद्यातला शब्द बोललं होतं. पॅनकेक म्हणजे रंगपटातला पॅनकेक, ओल्या स्पंजने तोंडाला लावायचा तो घट्ट रंग. पुण्यात मेकअपवाला आजारी पडला की ताईंनी स्वतः वर्गातल्या सगळ्या पोरी रंगवल्या होत्या. जुळ्या पोरांना वाटलं खरेच पॅनकेक आलेत खायला, ती धावत आली आणि हिरमुसून गेली.

"येस येस," ताई म्हणाल्या. "आय नो! फॉर्टी इयर्स!"

"फॉर वल्लरी," आमा म्हणाली. "विथ द शूज. मस्ट मॅच, ओके?" आणि कुणाचं तरी रडणं ऐकून पळाली.

आता बघा काय झालं. ताईंनी डबी उघडली. आत रंग तपकिरी, चांगला गडद. घ्या! घाईत हिने स्वतःची डबी दिली. ताईंनी ती बाजूला ठेवली. मग त्यांनी वल्लरीचे बूट पाहिले, फिकट गुलाबी. मग वल्लरीला पाहिलं. मस्ट मॅच. बरोबरच आहे, बूट तेवढे उजळ आणि वर पोरगी ही अशी, कसं दिसेल ते? बाईला नजर आहे हो, ताई मनात म्हणाल्या, आणि पर्समधून आपली पुण्याची डबी काढली. सगळ्यात फिकट शेड. वर्गातल्या सावळ्या मुलींसाठी त्या ती खास मागवायच्या.

वल्लरी डोळे मिटून बसली. आजीचा हात होता, तिने काही विचारलं नाही. ताईंनी कपाळ केलं, गाल केले, मान केली, मग हात थेट खांद्यापर्यंत. मन लावून केलं, एक डाग ठेवला नाही. "राजकन्या दिसतेयस," त्या म्हणाल्या, आणि हे त्या मनापासून म्हणाल्या, यातच सगळं आलं.

बेकरीवाल्याची पोर ओरडली, "गेश्पेन्स्ट!" भूत! सगळी पोरं वळली आणि हसली. वल्लरीने डोळे उघडले, आरशात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रडली नाही. आजीकडे वळून तिने काहीतरी विचारलं, हळू आवाजात, जर्मनमधून.

ताईंना कळलं नाही. त्या नुसत्या हसल्या, चांगलंच काहीतरी असणार म्हणून.

आमा दारात उभी होती. तिने पोरीचा चेहरा पाहिला, बाकावरची ती न वापरलेली डबी पाहिली, गुलाबी ते गुलाबीच राहिलेले बूट पाहिले. मग ताईंकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर ताईंनी दामटून उत्तर दिलं असतं. त्या नजरेत असं होतं की हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. ताईंनी आयुष्यभर असंख्य माणसांकडे असं पाहिलं होतं. त्यांच्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

कुणीतरी सुकन्याला बोलावून आणलं. आमा तिच्याशी भरभर बोलली आणि वल्लरीला घेऊन बेसिनकडे गेली.

"काय झालं एवढं?" ताई म्हणाल्या. "तिनेच तर सांगितलं, पॅनकेक लाव, बुटांशी मॅच कर."

"बूट, आई. बुटांना लावायचा होता." सुकन्याचा आवाज अगदी खाली होता. "हे बूट येतात ते त्याच एका गुलाबी रंगात येतात. बनवणाऱ्यांना वाटतं पाय तेवढ्याच रंगाचे असतात. मग हे लोक आपापल्या पायाचा रंग बुटांना देतात, म्हणजे पाय घोट्यापाशी तुटलेला दिसत नाही. आमाने वल्लरीची शेड शोधून ती डबी आणली होती. बूट पोरीसारखे करायचे होते. तुम्ही पोरगी बुटांसारखी केलीत."

ताईंनी बुटांकडे पाहिलं. घोट्यापाशी पाय तुटलेला दिसतो हे त्यांना लगेच पटलं. नाचणाऱ्या माणसाला पटणारच. पण तोंडातून आलं ते दुसरंच.

"स्टेजवर जरा उजळ करावंच लागतं. दिवे रंग खातात!"

"दिव्यांचं मला सांगू नका. त्यातच पीएचडी आहे माझी. दिवे काही खात नाहीत, आई. लावणाऱ्याला लावता येत नाहीत."

"अगं पण मी वाईट का केलं काही? माझी नात आहे ती! चांगली दिसावी म्हणूनच ना?"

"तिने तुम्हाला काय विचारलं, कळलं का?"

ताईंनी आपली पुण्याची डबी पर्समध्ये टाकली.

"तिने विचारलं, मी जशी आहे तशी पुण्याला चालणार नाही का?" सुकन्या म्हणाली. बाहेर वाद्यं लावायला सुरुवात झाली होती. "माझ्या लग्नात तुम्ही मेकअपवालीला सांगितलंत, दोन शेड उजळ घे. अल्बममध्ये चेहरा माझा नाही आणि हात माझे आहेत. येणारा जाणारा हसतो. तेव्हा मी नवी होते, तुम्ही सासू होतात, मी गप्प बसले. आणि अजून बसलेच असते, माझ्यापुरतं म्हणाल तर. पण तिला मी हे गिळायला शिकवणार नाही."

एवढं बोलून ती बेसिनकडे गेली. गेली म्हणजे चालत गेली, पाय न आपटता.

ताई तिथेच उभ्या. आमा मागे वळली आणि तिने बाकावरच्या डबीकडे बोट दाखवलं. "शूज," ती म्हणाली. "नाउ." चाळीस वर्षांत कुंदाताईंना कुणी हुकूम दिला नव्हता. कोलेगिनही म्हणाली नाही ती आता. पण वेळ थोडा होता, आणि तशाच गुलाबी बुटांत पोर स्टेजवर गेली असती तर तेही ताईंमुळेच. त्या मुलांच्या ठेंगण्या बाकावर बसल्या, स्पंज ओला केला आणि बूट रंगवायला घेतले. टाच, चवडा, इलॅस्टिकची पट्टी. हात बाकी तयार होता, रंग एकसारखा बसला.

रंग फार ओला तर झाला नाही ना, हे बघायला त्यांनी सवयीने स्पंज स्वतःच्या मनगटावर फिरवला. मग मनगट दिव्याकडे धरलं. रंग दिसेना. उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं. कुठे लावला होता तेच सापडेना. ताईंच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या वडिलांनी स्थळांना लिहिलं होतं, वर्ण गव्हाळ. पुढे कधी कुणी विचारलं नाही, आणि ताई गव्हाळच राहिल्या. आता मात्र डबीतला रंग आणि मनगट, दोन्ही समोर होतं.

वल्लरी आली. तोंड धुऊन घासून लालसर झालेलं, कानामागे थोडा फिकट रंग राहिलेला. ताईंनी खाली वाकून बूट पुढे धरला. "ये बाळ, पाय दे."

वल्लरीने पाय दिला नाही. दोन्ही बूट हातातून घेतले, आमाच्या शेजारी जमिनीवर बसली आणि स्वतःच घातले. मग उठून आजीसमोर उभी राहिली. तिने तोंडात घोळवून घोळवून मराठी वाक्य जुळवलं, म्हणजे भाषांतर करायला आई लागायला नको.

"आजी, ऑगस्टमध्ये मी येणार नाही. तू मला परत पांढरं करशील."

"नाही गं करणार..."

पण घंटा झाली होती आणि मुलांची रांग निघाली होती. आमा पुढे, वल्लरी तिच्या मागे. त्या गडद बुटांत तिचा पाय मांडीपासून बोटापर्यंत सलग, एकच रेघ दिसत होता. फार सुंदर पाय होता, आणि हे ताईंइतकं तिथे कुणाला कळलं नसेल.

पत्रिका पुण्यात छापून झाल्या होत्या. बाहेर टाळ्या पडल्या आणि संगीत सुरू झालं. ताईंनी पर्समधून कापूस काढला आणि मनगट पुसायला लागल्या. घासून घासून पुसलं. कापूस तपकिरी झाला, मनगट होतं तसंच राहिलं.